कार्डाचं कर्ज कार्डावरच का फिरवता?

थकबाकी एक लाख. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. बिलावर छापलेली किमान रक्कम पाच हजार, आणि ती तुम्ही तारखेच्या आत भरलीत. मुद्दल कितीने उतरलं? ८७० रुपयांनी.

एक लाखावर साडेतीन टक्क्यांनी व्याज होतं ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३०. गृहकर्जाच्या किंवा सोनेतारणाच्या व्याजावर असा कर नाही, कार्डाच्या व्याजावर आहे. दोन्ही मिळून ४,१३० रुपये आधी कापले जातात आणि पाच हजारांतून उरेल ते मुद्दलाच्या वाट्याला येतं. कर धरून वर्षाचा दर पन्नास टक्क्यांच्या घरात जातो. आणि ही किमान रक्कम म्हणजे बाकीच्या पाच टक्के धरली, तर बाकी उतरेल तशी तीही उतरत जाते. कार्डावर एक पैशाची नवी खरेदी न करता असंच भरत राहिलात, तर लाखाचे पन्नास हजार व्हायला साडेसहा वर्षं लागतील. फिटायला नव्हे, निम्मे व्हायला!

एवढ्या भावाने पैसे उचलणारा माणूस उधळ्या असणार, असं आपण धरून चालतो. मी पाहतो ती माणसं तशी नाहीत. ती वेळेवर कामाला जातात, घराचा हप्ता चुकवत नाहीत, रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची वर्गणी पहिल्या दिवशी देतात. त्यांना कुणी तरी एकदा सांगितलं की किमान रक्कम भरली की झालं, आणि त्यांनी विश्वास ठेवला.

परवा चौबे कॉलनीतल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. मुलगा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या आणि त्याने हळूच मोबाइल पुढे केला. "काका, बिल तर दर महिन्याला पटवतोय मी. मिनिमम एकदाही चुकवलं नाही. मग हे वाढतंय कसं?" (रायपुरात आम्ही बिल भरत नाही, पटवतो.)

ते बिल मी ओळ न् ओळ वाचलं. त्या महिन्याच्या खरेदीत डोळ्यांत भरण्यासारखं काही नव्हतं. ५०० रुपयांचं पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, औषधं. बहिणीच्या साखरपुड्याला पंडरीतून घेतलेल्या साड्या आणि केटररला द्यायला कार्ड एटीएममध्ये घालून काढलेली रोख, हे सगळं मागच्या बिलांतलं. त्या ओझ्यावर या महिन्याचे 'फायनान्स चार्जेस' ३,४८६ रुपये, आणि लगेच खाली जीएसटी, ६२७ रुपये ४८ पैसे. मी त्याला पेट्रोलच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "या पाचशेवरही भरल्या दिवसापासून व्याज लागतंय, माहीत आहे का तुला?" त्याला माहीत नव्हतं. कार्डाच्या जाहिरातीतली ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असते. बाकी पुढच्या महिन्यात ओढली की नव्या खरेदीवरची ही सवलत उठते. रोख काढली तर ती मुळातच नसते, काढल्या दिवसापासून व्याज, वर काढण्याची फी वेगळी. बिलाच्या शेवटी बारीक टाइपात एक इशारा होता, की फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड कित्येक वर्षं लांबते. हा इशारा छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. तो बिलावर असतो. पण 'किमान रक्कम भरा' हे बटण ॲपमध्ये मोठं आणि रंगीत असतं, हेही मी पाहिलं.

मग त्याने दुसऱ्या एका बँकेचा मेसेज दाखवला. तुमच्या जुन्या कार्डाची बाकी आमच्या कार्डावर आणा, व्याज कमी, हप्ते सोपे. "घेऊ का काका?"

बॅलन्स ट्रान्सफर ही लबाडी नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. नवी बँक तुमच्या जुन्या कार्डाची बाकी भरून टाकते आणि तेवढी रक्कम तुमच्या नव्या कार्डावर कमी व्याजाने, बहुधा हप्त्यांत बांधून देते. एक लाख रुपये, बारा महिने, घटत्या बाकीवर महिना दीड टक्का, दोन टक्के प्रोसेसिंग फी असं उदाहरण घ्या. व्याज साधारण दहा हजार, फी दोन हजार, दोन्हींवरचा जीएसटी, सगळं मिळून खर्च १४,२०० च्या आसपास. तेच एक लाख जुन्या कार्डावर ठेवून बारा महिन्यांत नेटाने फेडले तर खर्च येतो २८,८०० च्या आसपास. म्हणजे खर्च निम्म्यावर येतो. कष्टाचे चौदा हजार वाचत असतील तर ते वाचवलेच पाहिजेत.

पण मी त्या मुलाला विचारलं, हे कर्ज कार्डावरच का फिरवायचं?

त्याच्या घरच्यांची बँकेत मुदतठेव आहे. आईच्या पाटल्या आणि गोठ लॉकरमध्ये आहेत. ठेवीवर सात टक्के मिळतात आणि कार्डाला करासकट पन्नास जातात, दोन्ही एकाच घरात, एकाच महिन्यात. तेच एक लाख साडेनऊ टक्क्यांच्या सोनेतारणावर बारा हप्त्यांत फेडले तर व्याज होतं साधारण ५,२०० रुपये आणि मूल्यांकनाचे किरकोळ पैसे. एकोणतीस हजार, चौदा हजार, पाच हजार. हे तीन आकडे मी त्याला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून दिले. आणि महिन्याला आठ-नऊ हजार काढणं जड जात असेल, तर सोनेतारण दोन वर्षांत बांधून घे म्हटलं, हप्ता ४,५९१ रुपये. आज जे पाच हजार भरून कर्ज जागचं हलत नाही, त्याहून कमी पैशांत ते दोन वर्षांत संपूर्ण फिटतं.

ठेव असेल तर ठेवीवर कर्ज त्याहून सोपं. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज, सिबिलची कटकट नाही. खरं तर ठेव मोडलेलीच बरी, मुदतीआधी मोडल्याचा दंड अर्धा-एक टक्का असतो. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या वर्षात असेल तर त्यावर मर्यादित कर्ज मिळतं, पीपीएफच्या दरापेक्षा एक टक्का जास्त व्याजाने. विम्याच्या जुन्या पॉलिसीवर मिळतं. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत मिळतं. हे सगळे दर कार्डाच्या दराच्या जवळपासही फिरकत नाहीत. मग बॅलन्स ट्रान्सफर कुणी करावं? ज्याच्याकडे ठेव नाही, सोनं नाही, पॉलिसी नाही आणि पगार मात्र नियमित आहे, त्याने. त्याच्यासाठी ते औषध आहे. बाकीच्यांनी आधी घरचं कपाट उघडावं.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "पण आईला यातलं काहीच माहीत नाही ना."

खरा अडसर हाच, आणि त्यावर मला ठणकावून बोलायचं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे रुजलेली आपली मराठी घरं. तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी, सगळे सगळ्यांना ओळखतात. सदर बाजारात सराफाच्या पायरीवर आपल्याला कुणी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत बातमी हळदीकुंकवाला पोचेल, ही धास्ती. दागिने गहाण टाकणं म्हणजे घराला उतरती कळा, हे आपल्या मनावर कोरलेलं. कार्डाचं कर्ज मात्र कुणाला दिसत नाही, मोबाइलमध्ये असतं, म्हणून ते अब्रूदार! वर्षाला पन्नास टक्क्यांचं गुपित आपल्याला परवडतं आणि साडेनऊ टक्क्यांची उघड गोष्ट परवडत नाही. ही अब्रू नव्हे, ही अब्रूच्या नावाने चाललेली लूट आहे, आणि तिचे पैसे बँक घेऊन जाते. आईच्या पाटल्या बँकेच्या तिजोरीत वर्षभर राहिल्या तर त्या झिजत नाहीत. मुलगा रात्र रात्र जागा राहिला तर तो झिजतो.

एक धोका मात्र लपवणार नाही. सोनेतारणाचे हप्ते थकले तर दागिन्यांचा लिलाव होतो. कार्डाच्या कर्जामागे तारण नसतं, इथे आहे. तेव्हा पगार अनियमित असेल किंवा नोकरीच डळमळीत असेल, तर आईच्या दागिन्यांना हात लावू नका.

आता ज्यांना बॅलन्स ट्रान्सफरच करायचं आहे त्यांच्यासाठी.

फोनवरच्या मुलीला पहिला प्रश्न विचारा: व्याज फ्लॅट की रिड्यूसिंग? महिना ०.९९ टक्के फ्लॅट ऐकायला बारा टक्के वाटतं, पण मुद्दल दर महिन्याला उतरत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर चालू राहतं. खरा दर वर्षाला २१-२२ टक्क्यांवर जातो. दुसरा प्रश्न, फी आणि जीएसटी धरून शेवटपर्यंत मी एकूण किती रुपये भरणार? टक्के नकोत, रुपये सांगा, आणि ईमेलवर लिहून द्या. 'शून्य टक्के, ९० दिवस' असली योजना असेल तर एक्याण्णवाव्या दिवशी काय दर लागणार ते विचारा. तीन महिन्यांत फिटणार नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हेही आधीच.

रक्कम जुन्या कार्डावर जमा होईपर्यंत जुन्या कार्डाचं बिल भरत राहा. जमा झाल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज येईल, कारण ते बिलाच्या तारखेपासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं असतं. ते शेपूट भरलं नाही म्हणून उशिराचं शुल्क आणि बिघडलेला सिबिल, अशी उदाहरणं कमी नाहीत. नव्या कार्डावर हप्ते चालू असेपर्यंत त्यावर काहीही खरेदी करू नका, पेट्रोलसुद्धा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनं कार्ड. ट्रान्सफर झालं त्या दिवशी त्याची मर्यादा पुन्हा पूर्ण मोकळी होते. लाखभर रुपये कुणीतरी हातात ठेवल्यासारखं वाटतं. दिवाळी जवळ असते, मॅग्नेटो मॉलमध्ये सेल लागलेला असतो, आणि वर्षभरात दोन्ही कार्डं भरलेली. बॅलन्स ट्रान्सफर फसतं ते बहुतेक वेळा व्याजदरामुळे नव्हे, या मोकळ्या झालेल्या मर्यादेमुळे फसतं. बँकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून जुनं कार्ड बंद करा. बाकी शून्य असताना बंद करण्याची विनंती दिल्यावर बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. कस्टमर केअर 'सर, तुम्हाला लाइफटाइम फ्री करून देतो' म्हणेल. नको म्हणा.

काही जण याहून वाईट वाट धरतात. बाजारात ओळखीच्या दुकानात कार्ड स्वाइप करायचं, दुकानदाराने दोन-अडीच टक्के कापून रोख द्यायची, आणि ती दुसऱ्या कार्डाच्या बिलात भरायची. पुढच्या महिन्यात उलट. दर फेरीला दोन-अडीच टक्के जातात, कर्ज जिथल्या तिथे, आणि खरेदी न होता खरेदी दाखवणं हा कार्डाच्या कराराचा भंग. हे कुणी शहाणपण म्हणून सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

व्याजाच्या या दराला कायद्याची वेसण का नाही, असं तुम्ही विचाराल. होती, काही काळ. ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, ग्राहक आयोगाचा नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या २१-अ कलमानुसार जास्त व्याज लावलं एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. आणि रिझर्व्ह बँक म्हणते, दर वाजवी असावेत. वाजवी म्हणजे किती, तो आकडा ती सांगत नाही.

याच्या शेजारी सावकाराचा कायदा ठेवून बघा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, चार वर्षांनी दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयं मानत आली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही ती मर्यादा आहे, आणि बिगरशेती विनातारण कर्जाला सावकाराने वर्षाला १८ टक्क्यांवर जायचं नाही असं ठरलेलं आहे. परवानाधारक सावकाराला अठरा, बँकेच्या कार्डाला बेचाळीस आणि वर कर. सावकाराबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण ज्या दराला आपण गावात सावकारी पाश म्हणतो, त्याच्या दुपटीहून जास्त दर प्लास्टिकवर छापून आला की त्याला लाइफस्टाइल म्हणायचं, हे मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. त्याआधी तीन महिने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या येणे रकमेवर बँकांनी राखायच्या भांडवलाचा बोजा वाढवला, कारण विनातारण कर्जं फार वेगाने फुगत होती. बँकेच्या तब्येतीची काळजी घेतली गेली, ते योग्यच झालं. कर्जदाराच्या दराला मात्र अजून कमाल मर्यादा नाही. ती हवी. ३० टक्के ही काही क्रांतिकारक मागणी नाही, सोळा वर्षं ती कागदावर होती.

तोवर निदान आहेत ते हक्क तरी वापरा. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचं शुल्क लावता येत नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, आणि शेजारपाजाऱ्यांना, नातेवाइकांना फोन करून तुमची बदनामी करायला तर मुळीच परवानगी नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या समाजात निवृत्त बँक अधिकारी पुष्कळ आहेत. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मंडळाच्या एखाद्या खोलीत त्यांतले दोघे जण बसावेत. ज्याला यायचं त्याने बिल घेऊन यावं, नाव विचारायचं नाही, खोलीचं दार लावून घ्यायचं, बिल वाचायचं आणि तीन आकडे काढून द्यायचे: आहे तसं ठेवलं तर किती, ट्रान्सफर केलं तर किती, घरचं तारण वापरलं तर किती. खर्च चहाचा. येत्या बैठकीत हा विषय घ्या. पहिल्या रविवारी कॅल्क्युलेटर घेऊन मी येतो.